वाफसा

पुसेगाव, जि. हिंगोली



सृष्टीत टिकून काहीच राहत नाही. तरी मन शांत कसे राहावे, याचा विचार चीनमधील ताओ परंपरेत दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. तिचा मूळ ग्रंथ ‘ताओ ते चिंग’ ८१ छोट्या प्रकरणांचा असून तो लाओत्झूंच्या नावावर आहे. ‘ताओ’ म्हणजे वाट. सृष्टी जिने आपोआप चालते ती.

या विचाराचा गाभा ‘वू-वेई’, म्हणजे ओढाताण न करता केलेली कृती. तो आळस नव्हे. काळ्या रानात मृगाचा पाऊस पडला, तरी जाणता शेतकरी लगेच तिफण धरत नाही. वाफशाची, म्हणजे जमीन पेरणीजोगी होण्याची, वाट पाहतो. चिखलात घाई केली तर ढेकळे होतात, बी कुजते. फार थांबले तर ओल उडते. वेळेवर पेरणे शेतकऱ्याचे काम, उगवणे बियाचे. बियाचे काम स्वतःच्या डोक्यावर घेणाऱ्याला झोप लागत नाही.

दुसरी शिकवण पाण्याची. आपली कयाधू नदी उन्हाळ्यात रोडावते, पावसाळ्यात फुगते. पण उतार सोडून वाहत नाही. पाणी सखल जागा पत्करते, म्हणून त्याचे कोणाशी भांडण नसते.

तिसरी रिकामेपणाची. घडा मातीचा, पण पाणी राहते ते आतल्या पोकळीत. मडक्याचा असाच दाखला आपल्याकडेही आहे. याच जिल्ह्यातील नर्सी ही परंपरेने संत नामदेवांची जन्मभूमी मानली जाते. आख्यायिकेनुसार कुंभार असलेल्या संत गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी पारखली, तेव्हा रागावलेले नामदेव कच्चे मडके ठरले. पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडून त्यांना बोध मिळाला. ताओ विचार आणि वारकरी भक्ती यांची कुळे वेगळी. पण ‘मी’ने भरलेल्या मडक्यात काही मावत नाही, हे दोन्हींकडे सारखेच.

शांती म्हणजे दुःख न होणे नव्हे. ताओ परंपरेतील च्वांगत्झू यांच्या ग्रंथातील कथेत पत्नी गेल्यावर तेही आधी शोक करतात. मग जन्म-मृत्यू ऋतूंसारखे येतात-जातात हे उमजून शांत होतात. म्हणून शोक आला तर रडून घ्यावे, राग आला तर वाफसा येईपर्यंत बोलू नये, आणि रोज निजताना आपले काम कोणते होते व कोणते नव्हते, एवढे तपासावे. नव्हते ते तिथेच सोडावे.