पीसी जोडून विकण्याआधी

गिऱ्हाईक हल्ली यादी घेऊनच दुकानात येतं. मोबाइलवर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, प्रत्येकाचा ऑनलाइन सापडलेला सगळ्यात पडेल भाव आणि खाली बेरीज. "दादा, एवढ्यात बसवा, वर तुमचे पाचशे घ्या." दुकानदार नवा असेल तर तो हो म्हणतो, कारण आपण नाही म्हटलं तर शेजारचा म्हणेल याची त्याला खात्री असते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचं नेहरू प्लेस असो की तालुक्याच्या एसटी स्टँडमागचा गाळा, हा संवाद सगळीकडे सारखाच चालतो.

हे लिहिणाऱ्याने हा धंदा पुण्यात एका छोट्या गाळ्यातून केलेला आहे. हाताखाली एक पोरगा, भिंतीला लावलेली रिकामी खोकी आणि दुपारपर्यंत वाजणारा फोन. पुढे जे सांगितलं आहे त्यातलं बरंचसं तिथेच, पदरचे पैसे घालून शिकलेलं आहे.

आधी हिशेब. साठ हजारांचं मशीन धरा आणि सुट्या भागांवर सरासरी पाच टक्के सुटले असं समजा. हातात आले तीन हजार. त्यातून गाळ्याचं भाडं, लाईटबिल, पोराचा पगार. मशीन जोडायला दोन-तीन तास पुरतात, पण प्रोसेसर, बोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाची वॉरंटी साधारण तीन वर्षांची असते आणि तेवढा काळ "डिस्प्ले येत नाही" हा फोन कंपनीला जात नाही, जोडणाऱ्याला येतो. हडपसरला दोन फेऱ्या झाल्या आणि एक कुरिअर गेलं की ते तीन हजार संपले. बदली पार्ट यायला पंधरवडा लागला तर गिऱ्हाईक रोज विचारतं, "मग तोवर मी काय करू?" आणि त्याचं म्हणणं चुकीचं नसतं.

कायदाही त्याच्याच बाजूचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'उत्पादक' कोण याची व्याख्या आहे, आणि दुसऱ्यांनी बनवलेले भाग जोडणारा माणूसही तिच्यात येतो. तेव्हा "साहेब, आम्ही फक्त जोडून दिलं, पार्ट कंपनीचे" हे वाक्य काउंटरवर खपेल, जिल्हा आयोगापुढे त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

म्हणून बिलावर 'असेंब्ली आणि टेस्टिंग' अशी वेगळी ओळ हवी आणि तिच्यासमोर खरा आकडा हवा. पार्टच्या भावात मजुरी लपवली की ऑनलाइन भाव पाहून आलेल्या माणसाला तुम्ही महाग वाटता. भाव उघडे ठेवून मजुरी वेगळी मागितली तर तो तुम्ही काय करणार आहात हे विचारतो, आणि तिथे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. रॅमवर रात्रभर मेमटेस्ट८६. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर तासभर पूर्ण भार, तोही कॅबिनेटचं झाकण लावून. झाकण उघडं ठेवून घेतलेलं तापमान स्वतःची समजूत घालायला ठीक. मग प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर आणि एका रजिस्टरमध्ये. पाचशे रुपयेवाला एवढं ऐकून निघून गेला तर जाऊ द्यावा. तो पुढच्या दुकानातही भांडणारच आहे.

रजिस्टर कशाला, असं नव्याने धंद्यात येणारी मुलं विचारतात. २०२४ सालचं उदाहरण ताजं आहे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेज घेऊन हळूहळू बिघडत होते. गेम मध्येच बंद पडायचे, निळी स्क्रीन यायची. ऑगस्टमध्ये इंटेलने मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि अशा बॉक्स-पॅक प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बिघडून गेलेला प्रोसेसर मात्र त्या दुरुस्तीने बरा होत नव्हता, त्यामुळे बायोस लवकर अपडेट करण्याला महत्त्व होतं. ज्याच्याकडे नोंदी होत्या तो गिऱ्हाइकाला स्वतःहून फोन करू शकला. ज्याच्याकडे नव्हत्या तो आपलं कुठलं मशीन कधी परत येतंय याची वाट बघत बसला.

सॉकेटच्या पिनांबद्दल दोन शब्द. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये केसासारख्या १७०० पिना असतात आणि त्या बोर्डावर असतात. एएमडीने २०२२ साली एएम५ आणल्यापासून त्यांच्याकडेही तोच प्रकार. एक पिन वाकली तरी कंपनी वॉरंटी नाकारते, आणि ती कुणाच्या हातून वाकली याचा वाद कधी मिटत नाही. डीलरच्या काउंटरवरच खोकं उघडून पिना पाहाव्यात, प्रोसेसर बसवण्याआधी मोबाइलवर फोटो काढावा आणि सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण फेकू नये. बोर्ड बदलून घेताना ते मागतात.

खरा घोटाळा होतो तो एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात. बजेट अडकलं की पहिली कात्री तिथे लागते, कारण गिऱ्हाइकाच्या यादीत त्या डब्याला मान नसतो. त्यावर गेम चालत नाही, त्याचा स्कोअर निघत नाही. बाजारात 'लोकल' म्हणून मिळणाऱ्या डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं आणि हातात घेतलं तर आत काही आहे की नाही अशी शंका येते. साध्या ऑफिसच्या मशीनवर तो वर्षभर निघतोही. ग्राफिक्स कार्ड लावलं आणि उन्हाळ्यात व्होल्टेज खाली-वर झालं की जाताना एकटा जात नाही, बोर्ड घेऊन जातो. चांगल्या कंपन्या याच भागावर पाच ते दहा वर्षांची वॉरंटी देतात, यावरून काय ते समजावं. ८० प्लसची खूण पाहावी, पण ती वीज किती कमी वाया जाते एवढंच सांगते. आतलं संरक्षण चांगलं आहे की नाही हे तिच्यावरून कळत नाही.

एसएमपीएस उत्तम असूनही तक्रार येते, आणि तेव्हा मल्टिमीटर घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जावं लागतं. "कॅबिनेटला हात लावला की करंट मारतो." भिंतीतल्या तिसऱ्या भोकात वायरच नसते, किंवा असते पण ती कुठेच पोचलेली नसते. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळणारे दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा, माणूस नुसता झटकतो. पण टीव्हीची एचडीएमआय किंवा स्पीकरची वायर लावताना पोर्ट मरू शकतो. मग पार्ट खराब दिला म्हणून बोल दुकानदाराला. मशीन पोचवायला जाल तेव्हा न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसला तर बिलावर तसं लिहून गिऱ्हाइकाची सही घ्या आणि वायरमन बोलवायला सांगा. सही मागितली की लोक थोडे चिडतात. चिडू द्यावं.

स्वस्त यूपीएसचीही अशीच गंमत आहे. त्याची लहर पायऱ्यापायऱ्यांची असते आणि काही चांगल्या एसएमपीएसना ती मानवत नाही. लाईट गेली की यूपीएस असूनही मशीन बंद. विकण्याआधी दुकानातच प्लग ओढून पाहिला की प्रश्न मिटतो.

आता यादीकडे परत येऊ, कारण नुकसान पुष्कळदा यादीतच लिहिलेलं असतं. टॅलीवर काम करणाऱ्या अकाउंटंटला ग्राफिक्स कार्ड विकणारे आहेत. त्याला हवी असते चांगली एसएसडी, यूपीएस आणि रोजच्या बॅकअपची सोय. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याची गोष्ट उलटी आणि जास्त खर्चिक. नव्या सोनी किंवा कॅनन कॅमेऱ्यांवर तो एच.२६५ मध्ये, १०-बिट ४:२:२ शूट करतो. ही फाइल झरझर उलगडायला इंटेल प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स कामाला येतं. एनव्हिडियाच्या कार्डांना ते २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपर्यंत जमत नव्हतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो त्यात हे अंगचं ग्राफिक्सच नसतं. दुकानदाराने हजार-दोन हजार वाचवायला एफवाला प्रोसेसर आणि त्यावर आरटीएक्स ३०६० घातलं, बिल लाखाच्या घरात गेलं, आणि टाइमलाइन अडखळतेच आहे. गिऱ्हाईक म्हणतं, माझ्या मित्राच्या साध्या मशीनवर पळतं. बरोबर आहे, पळणारच. म्हणून बजेट विचारण्याआधी त्याची एक फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्यावी.

भावांचं तर काही सांगता येत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडला पूर आला, वेस्टर्न डिजिटलचे कारखाने पाण्यात गेले आणि काही आठवड्यांत हार्ड डिस्कचे भाव दुपटीच्या आसपास पोचले. फेब्रुवारी २०२१ मध्ये आरटीएक्स ३०६० कार्ड २९,५०० रुपये जाहीर किमतीला आलं. पुढचे कित्येक महिने त्या भावात ते काउंटरवर मिळत नव्हतं, कारण चिप्सचा तुटवडा होता आणि इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग करणारे कार्ड उचलत होते. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली. मग दिवसरात्र राबलेली तीच कार्डं 'थोडीशीच वापरलेली' म्हणून बाजारात आली. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि डीडीआर५ रॅम दुप्पट-तिप्पट महाग झाली. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशल नावाने होणारी किरकोळ विक्री थांबवत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत आठवडाभराचं कोटेशन देणं म्हणजे स्वतःच्या खिशातून सट्टा खेळणं. कोटेशनवर तारीख आणि वेळ लिहावी, भाव त्याच दिवसापुरता ठेवावा, आगाऊ रक्कम आल्याशिवाय माल उचलू नये. वाढेल म्हणून रॅम भरून ठेवण्याचा मोह होतो; भाव उतरले की ती शेल्फवर बसते.

"विंडोज टाकून द्या ना" ही विनंती इतकी सहज येते की नाही म्हणणारा उद्धट ठरतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. ऑनलाइन चारशे-पाचशेला मिळणाऱ्या की बहुधा कुठल्या तरी कंपनीच्या घाऊक परवान्यातल्या असतात आणि एक दिवस बंद पडतात. लायसन्स बिलात धरा, नाही तर 'ऑपरेटिंग सिस्टिम ग्राहकाची' असं लिहून रिकामं मशीन द्या.

कराचं थोडक्यात. महाराष्ट्रात मालाच्या विक्रीवर वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण ती मर्यादा राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यासाठी. कंपोझिशन योजनेत उलाढालीच्या टक्काभर कर भरून सुटका होते, मात्र बिलावर कर लावता येत नाही, त्यामुळे आर्किटेक्ट किंवा कंपनीसारखं गिऱ्हाईक, ज्याला १८ टक्क्यांची वजावट हवी असते, ते तुमच्याकडे येत नाही. नियमित नोंदणी असेल तर जीएसटीआर-२बी, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांचं पोर्टलवरचं विवरण, दर महिन्याला पाहा. जानेवारी २०२२ पासून तिथे न दिसणाऱ्या बिलाची वजावट मिळत नाही. प्रस्तुत लेखकाला एका घाऊक विक्रेत्याने चोख बिलं दिली आणि रिटर्न भरलीच नाहीत. तो कर शेवटी दुसऱ्यांदा खिशातून गेला.

उधारीवर एक उपाय आहे, पण तो सगळ्यांना लागू नाही. एमएसएमई कायदा २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं येणं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, नाही तर बँक दराच्या तिप्पट व्याज चढतं. अशा उद्योगांची सरकारी नोंदणी म्हणजे उद्यम; व्यापारी म्हणून ती केलेल्याला हे संरक्षण मिळत नाही, उत्पादकाला मिळतं. जोडून विकणाऱ्याने नोंदणी करताना हे डोळे उघडे ठेवून भरावं. एका क्लासला एकदम डझनभर मशीन दिली आणि पैसे वर्षभर फिरले, तेव्हा 'व्यापारी' हा शब्द किती महागात पडतो ते या लेखकाला समजलं.

ज्यांना या धंद्यात यायचंच आहे त्यांनी सुरुवातीला गाळा घेऊ नये. घरून, ओळखीतली, आगाऊ पैसे देणारी गिऱ्हाइकं धरावीत आणि पहिल्या नफ्यातून एक जादा एसएमपीएस, एक रॅम, एक साधं ग्राफिक्स कार्ड आणि एक बोर्ड बाजूला ठेवावं, म्हणजे पार्ट कंपनीकडे गेला तरी गिऱ्हाइकाचं काम अडत नाही. उद्यम नोंदणी मात्र पहिल्याच आठवड्यात करून टाकावी. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते. तिच्यासाठी पैसे मागणारा एजंट आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.