नगरपंचायतीचा निकाल आणि दिल्लीची चिंता

शंका : मी ढाणकीत अनेक वर्षं पक्षाचं बूथवरचं काम करतो. नगरपंचायतीत आमची माणसं पडली की चौकात लोक म्हणतात, ‘आता तुमचा पक्ष दिल्लीतूनही गेला.’ झोप उडाली आहे. खरंच तसं असतं का?

समाधान : नसते, आणि पुरावा तुमच्याच मतदारसंघात आहे. ढाणकी विधानसभेला उमरखेडमध्ये येते आणि जिल्हा यवतमाळ असला तरी लोकसभेला हिंगोलीत. मे २०१४ मध्ये देशभर भाजपची लाट असताना हिंगोलीने काँग्रेसचे राजीव सातव यांना निवडले. राज्यात काँग्रेसला मिळालेल्या दोनच जागांपैकी ती एक. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उमरखेडने भाजपचा आमदार दिला. जून २०२४ मध्ये ठाकरे गटाचे नागेश पाटील आष्टीकर येथून लाखाहून अधिक मतांनी जिंकले. नोव्हेंबरमध्ये मात्र हिंगोलीतल्या सहाही विधानसभा जागा महायुतीला मिळाल्या. लोकसभेला आष्टीकरांकडून हरलेले बाबुराव कदम कोहळीकरच हदगावचे आमदार झाले.

नगरपंचायतीचा प्रभाग तर याहून कितीतरी लहान. तिथे नाली, नळ, भावकी आणि एखादा बंडखोर निकाल फिरवतो. तुमचा उमेदवार का पडला, हे प्रभागात फिरून विचारा. दिल्लीचा अंदाज त्यावरून बांधू नका.

शंका : पाच महिन्यांत एवढी मतं फिरतात कशी? मला तर यंत्रातच गडबड वाटते. आपलं मत वाया जातंय का, ही भीती मनातून जात नाही.

समाधान : शंका येणे स्वाभाविक आहे, पण केवळ निकाल फिरला हा गडबडीचा पुरावा ठरत नाही. जून २०२४ मध्ये राज्यात लोकसभेला महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा मिळाल्या, तरी दोघांचा मतांचा वाटा (एकूण मतांतील टक्केवारी) जवळपास सारखाच, ४३ ते ४४ टक्क्यांच्या दरम्यान होता. म्हणजे जागांमध्ये दिसलेली दरी मतांमध्ये नव्हतीच. पुढे लाडकी बहीण योजना आली, मतदान सुमारे ६१ वरून ६६ टक्क्यांवर गेले, आणि विधानसभेला तोल महायुतीकडे झुकला. म्हणून निकाल वाचताना मी आधी मतांचा वाटा पाहतो, जागा नंतर. तरीही विशिष्ट मतदारसंघाबाबत तुमच्याकडे ठोस पुरावा असेल, तर निवडणूक याचिका (निकालाला उच्च न्यायालयात आव्हान) निकालापासून ४५ दिवसांत दाखल करावी लागते. त्यासाठी वकिलालाच भेटा.

शंका : मग विधानसभेच्या निकालावरून तरी देशाचं कळतं का? टीव्हीवाले तर छातीठोक सांगतात.

समाधान : थोडे कळते. डिसेंबर २०१८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगड काँग्रेसने जिंकले. पाच-सहा महिन्यांत तिथल्या लोकसभेच्या ६५ पैकी तिला फक्त ३ जागा मिळाल्या. डिसेंबर २०२३ मध्ये तिन्ही राज्ये भाजपने घेतली. २०२४ ला मध्य प्रदेशात २९ पैकी २९ जागा आल्या, पण राजस्थानात २५ पैकी १४ च. एकच कसोटी, दोन शेजारी राज्ये, उत्तरे वेगळी.

विधानसभेचा दिल्लीवर खरा परिणाम दुसरीकडे होतो, आणि त्याची चर्चा फार कमी होते: राज्यसभेचे खासदार आमदारच निवडतात. महाराष्ट्राच्या वाट्याला तिथे १९ जागा आहेत.

शंका : आमच्या गावच्या ग्रामपंचायतीवर दोन्ही पक्ष ‘आमचीच’ म्हणतात. खरं कुणाचं?

समाधान : ग्रामपंचायत निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. दोघांचंही म्हणणं केवळ दावाच समजा.

शंका : यजमान पक्षाच्या चिन्हावर नगरसेवक झाले. दिल्लीत वारं बदलतंय म्हणून काही जण त्यांना दुसऱ्या पक्षात ओढताहेत. पद जाईल का, या काळजीने घरात जेवण गोड लागत नाही.

समाधान : ताई, ही भीती निराधार नाही. स्थानिक संस्थांच्या सदस्यांसाठी महाराष्ट्रात १९८६ चा अपात्रता कायदा (पक्षांतरबंदीचा कायदा) आहे. स्वेच्छेने पक्ष सोडणे किंवा पक्षादेशाविरुद्ध (व्हिप मोडून) मत देणे, दोन्हींमुळे सदस्यत्व जाऊ शकते. नगरपंचायतीचे असे प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. अपवाद काय आणि तो तुमच्या घरी लागू होतो का, हे कागद पाहिल्याशिवाय कुणीच सांगू नये. कुठल्याही पत्रावर सही करण्याआधी यजमानांनी या कायद्याचा अनुभव असलेल्या वकिलाला भेटावे.