सोबत्यास विसर पडला असतां हंसावें काय?

मागील उन्हाळ्यांत जालना जिल्ह्यांतील अंबड तालुक्यांत भेटी देत फिरत असतां आम्ही एका वृद्ध जोडप्याच्या घरीं गेलों. दुपारची वेळ होती. आंतून हंसण्याचा आवाज येत होता, व तो इतका मोकळा होता कीं, आपण चुकून दुसऱ्याच दारीं आलों कीं काय, असें आम्हांस वाटलें. कारण त्या घरच्या बाईंस तीन वर्षांपासून स्मृतिभ्रंश झालेला आहे, व आम्ही समाचारास गेलों होतों. समाचारास निघालेला मनुष्य आपला चेहरा वाटेंतच गंभीर करून घेत असतो. तो चेहरा घेऊन आम्ही उंबऱ्याशीं उभे राहिलों, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांस थोडा रागच आला.

झालें होतें तें असें. बाईंनीं आपल्या पतीस ओळखलें नाहीं. पदर सांवरून त्या त्यांस म्हणाल्या, "भाऊ, मालक बाजाराला गेलेत. ते आल्यावर या." एकावन्न वर्षें ज्यांच्याशीं संसार केला त्यांस 'भाऊ'! ते म्हणाले, "बरं बाई. ते येईपर्यंत इथं बसू का?" "बसा की. पण त्यांना उशीर होतो. जिथं जातील तिथं गप्पा मारायची खोड आहे." "असं का? आणखी काय खोडी आहेत त्यांना?" मग बाईंनीं आपल्या मालकांच्या सर्व खोडी त्या परक्या गृहस्थास सांगितल्या. भाजींत मीठ कितीही घाला, कमीच म्हणतात, रात्रीं घोरतात, सासूपुढें बायकोची बाजू म्हणून कधीं घेतली नाहीं. शेवटीं जरा थांबून त्या म्हणाल्या, "पण माणूस वाईट नाही." तेव्हां आजोबांस हंसूं आवरेना, व त्यांस हंसतांना पाहून बाईही हंसूं लागल्या.

"पाळकसाहेब," आजोबा आम्हांस म्हणाले, "इतक्या वर्षांत तिनं मला एवढं तोंडावर कधी सांगितलं नव्हतं."

त्यांच्या सुनेस मात्र हें रुचत नव्हतें. "आईंचं हे असं झालंय, आणि बाबांना थट्टा सुचते," असें तिनें आम्हांस बाजूस घेऊन सांगितलें. तिचें बोलणें आम्हीं हलकें मानीत नाहीं. ज्या घरीं असा रोगी आहे तेथें हा प्रश्न आज ना उद्यां उठतोच. आणि अशीं घरें थोडीं नाहींत. आपल्या देशांतील साठ वर्षांवरील माणसांची मोठी पाहणी होऊन तिचा निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें शेंकडा ७.४, म्हणजे सुमारें ८८ लक्ष वृद्धांस हा विकार आहे. पुरुषांपेक्षां स्त्रियांत व शहरांपेक्षां खेड्यांत त्याचें प्रमाण अधिक आढळलें. आपल्याकडे त्यास 'म्हातारचळ' म्हणून सोडून देतात. तो चळ नव्हे. मेंदूचा रोग आहे. जर्मनींतील डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनीं १९०६ सालीं ज्या स्त्रीची हकीकत विद्वानांच्या सभेपुढें मांडली, ती आउगुस्टे डेटर अवघी ५१ वर्षांची असतां १९०१ सालीं फ्रँकफुर्ट येथील रुग्णालयांत आली होती. नवऱ्याचें नांव काय, असें विचारलें असतां तिनें आपलेंच नांव सांगितलें. अंबडच्या ओट्यावर जें आम्हीं पाहिलें तें शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं तेथें लिहून ठेवलेलें आहे.

या रोगांत बहुधा नुकतेंच घडलेलें आधीं पुसलें जातें, जुनें मागाहून. सकाळीं जेवलों कीं नाहीं हें ठाऊक नसतें, पण माहेरची विहीर ठाऊक असते. आणि स्मरण गेलें तरी भावना मागें उरते. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत अशा रोग्यांस आनंदाचीं व दुःखाचीं चलच्चित्रें दाखविलीं. तो प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. थोड्याच वेळानें काय पाहिलें हें त्यांस सांगतां येईना, परंतु आनंद किंवा खेद त्यांच्या ठिकाणीं टिकून होता. हें वाचल्यावर आम्हांस त्या ओट्याची आठवण झाली. विनोद बाईंच्या ध्यानांतून पांच मिनिटांत गेला असेल, पण दुपार बरी गेली. रागाचेंही तसेंच होतें. कोण रागें भरलें हें त्या विसरतील, मन मात्र दुखलेलेंच राहील.

ऑस्ट्रेलियांत सिडनी येथील वृद्धनिवासांत विनोदी सोंगें करणाऱ्या शिकलेल्या माणसांस पाठवून पाहिलें. २०१३ सालीं छापलेल्या त्या अहवालांत असें आहे कीं, रोग्यांची खिन्नता त्यामुळें कमी झाली नाहीं, परंतु तळमळ व चिडचिड कमी झाली. विनोदानें रोग हटत नाहीं, एवढें यावरून उघड आहे. मात्र संध्याकाळीं दिवा लागल्यावर "मला घरी जायचंय" म्हणून दार धरून बसणारें माणूस ज्याच्या घरीं आहे, त्यास तळमळ कमी होणें म्हणजे काय हें आम्हीं सांगावयास नको.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' ह्या २०१३ सालच्या मराठी बोलपटांत डॉ. मोहन आगाशे यांनीं स्मृति गमावलेल्या संस्कृत पंडिताचें काम केलें आहे. तो पंडित एका हत्तीच्या मागें निघून जातो, व माहुताची बायको त्यास लेकरासारखें सांभाळते. तिला तें साधतें, कारण तो पूर्वीं कोण होता हें तिला ठाऊक नाहीं. पतीचें किंवा पत्नीचें दुःख नेमकें येथें आहे. दोघांच्या आठवणी एकट्यानेंच वाहावयाच्या असतात. म्हणून सोबत्यास हंसणें सर्वांत कठीण, आणि तो हंसला तर त्यास दोष देतांना आपण जपावें. सारा हंसली व मग भिऊन आपण हंसलों नाहीं असें म्हणाली, ही कथा आपण जाणतों. शुश्रूषा करणारे पुष्कळ जण असेच लपून हंसतात.

तर मग कोठें हंसावें? आजोबांनीं आपला नियम आम्हांस सांगितला. ते बाईंच्या तोंडाकडे पाहतात. त्यांचा चेहरा सैल झाला तर पुढें जातात, आकसला तर तेथेंच थांबतात. एकदां घराची किल्ली दोन दिवस सांपडेना. ती पिठाच्या डब्यांत निघाली. ते म्हणाले, "भाकरीला कुलूप लावलंस वाटतं!" बाई म्हणाल्या, "मग उघडा आणि खा." हें हंसणें दोघांचें झालें. परंतु बाई आपल्या आईस हांका मारूं लागल्या कीं ते हंसत नाहींत, व "तुझी आई कधींच वारली" असेंही म्हणत नाहींत. कारण ती बातमी त्यांस दर वेळीं नवी असते. आई काय रांधीत असे, तें विचारतात. वस्त्र खराब झालें असतां तर कोणीच हंसूं नये. एका पुतण्यानें बाईंचें बोलणें मोबाइलवर टिपून नातलगांत धाडलें, तेव्हां आजोबा त्याच्यावर संतापले. त्या चित्रांतही लोक हंसतच होते.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांकडून कळली ती सांगून ठेवितों. याच जातीच्या एका विकारांत रोगी स्वतःच भलत्या जागीं, मरणाच्या घरींसुद्धां, हंसूं लागतो. लंडन येथील संशोधकांनीं २०१५ सालीं त्याविषयीं लिहिलें आहे. तो निर्लज्जपणा नव्हे. स्वभाव असा पालटला, किंवा विसर वाढला, तर रोग्यास डॉक्टरांकडे न्यावें. बी-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेनें, गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीच्या दोषानें व खिन्नतेनेंही विसर पडतो, आणि त्यांवर उपाय आहे.

ओट्यावर बसून सर्व खोडी ऐकणें हें असत्य झालें काय, असा विचार परततांना आमच्या मनांत आला. धर्मशिक्षणाच्या शाळेंत आमच्या गुरूंनीं हा प्रश्न घातला नव्हता. आजोबा "मी परका" असें म्हणाले नाहींत. वाट पाहूं का, एवढेंच म्हणाले, व तें खरेंच आहे.

निघण्यापूर्वीं त्यांनीं आम्हांस एकांतीं दुसरेंही सांगितलें. गेल्या हिंवाळ्यांत एका रात्रीं बाई सातव्यांदा उठल्या, तेव्हां त्यांनीं त्यांच्यावर हात उगारला होता. मारलें नाहीं. बाईंनीं मात्र त्या उगारलेल्या हाताकडे पाहून विचारलें, "मोसंबी तोडताय काय?" तो हात तसाच खालीं आला, व ते अंथरुणावर बसून हंसले आणि रडले. हें ऐकल्यावर सुनेनें आठवड्यांतून दोन दुपारी सासूपाशीं बसण्याचें कबूल केलें, म्हणजे आजोबांस निजतां येईल. शेजारच्या बाईही एक दुपार येतात.

आम्ही उठलों तेव्हां बाई दारापर्यंत आल्या. "मालक आले की सांगते, तुम्ही येऊन गेलात म्हणून."

मागून आजोबा म्हणाले, "विसरू नका बरं का, बाई."

"मी कशाला विसरते!" असें म्हणून त्याच आधीं हंसल्या.