भूप की देशकार?

शनिवारी शाळा सुटली की आमच्या संगीताच्या वर्गात एक खेळ रंगतो. खेळाचे साहित्य थोडे : जुन्या ध्वनिमुद्रिकांचा एक गठ्ठा, एका रसिक कुटुंबाने शाळेस दिलेला चावीचा ग्रामोफोन आणि अलीकडे कोणा पालकाचा मोबाईल, तोही पालथा ठेवलेला, कारण त्याच्या पडद्यावर गवयाचे नाव झळकते आणि मग खेळात काही राम राहत नाही. दोन-तीन मिनिटे गाणे ऐकावयाचे आणि वहीत लिहावयाचे : गाणारा कोण, राग कोणता, ताल कोणता? प्रत्येक बरोबर उत्तरास एक गुण. बेळगाव, निपाणी, खानापूर येथील हौशी पालकही मुलांबरोबर बसतात आणि बहुधा मुलांकडून हरतात.

तबकडी लावताना एक पथ्य पाळावे लागते. ती शेवटपर्यंत वाजू द्यावयाची नाही. मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावते. आणि अगदी आरंभीच्या काळात गाणे संपता संपता गायक स्वतःचे नाव उच्चारीत असत. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले. त्यांनी तर आपले नाव चक्क इंग्रजीतून सांगितले आहे. यात मिरविण्याचा भाग नव्हता. गाणे मुद्रित होई हिंदुस्थानात आणि तबकड्या तयार होत जर्मनीतील हॅनोव्हर येथे. तेथील कारागिरांना कोणते गाणे कोणाचे हे कळावे कसे? म्हणून ही युक्ती, असे सांगतात. ही माहिती कळल्यापासून आमचा एक चलाख विद्यार्थी दर वेळी "आणखी थोडे वाजू द्या की सर" म्हणू लागला. तेव्हा सुई वेळेवर उचलण्यासाठी एक पहारेकरी नेमावा लागला!

आवाजावरून गायक ओळखणे सोपे, असे प्रथम वाटते. अब्दुल करीम खाँसाहेबांचा (१८७२–१९३७) सुरात भिजलेला स्वर एकदा कानी पडला की सहसा चुकत नाही. मिरजेत त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते आणि तेथील दर्ग्याच्या आवारात ते चिरविश्रांती घेत आहेत, हे आमच्या भागातील मुलांना ठाऊक असते. परंतु गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांनी आम्हां सर्वांची फजिती केली. पहिल्या तबकडीत कोवळा, उंच पट्टीचा आवाज. दुसऱ्या मुद्रणात भारदस्त, खोल आवाज. एका पालकांनी दुसऱ्यासाठी ठामपणे एका पुरुष गायकाचे नाव लिहिले. दोन्ही गंगूबाईच होत्या. मध्यंतरी घशावर झालेल्या उपचारांनंतर त्यांचा आवाज पालटला. त्यांनी तो लपविला नाही. त्याच आवाजाला शोभेल असे गाणे उभे केले.

बेळगाव तालुक्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकाळी, म्हणजेच कुमार गंधर्व, लहानपणी थोर गवयांच्या तबकड्या ऐकून त्यांचे गाणे हुबेहूब गाऊन दाखवीत. तो मुलगा आमच्या वर्गात असता तर गायक ओळखण्याचा खेळच मोडला असता! पुढे मुंबईस प्रा. देवधरांकडे ते शिकले. १९४७ च्या सुमारास क्षयाने गाठले, काही वर्षे गाणे बंद पडले. त्यानंतर देवासहून जे गाणे आले, ते मात्र कोणाचीच नक्कल नव्हते.

एकदा आम्ही गायकाचे गाव विचारले आणि पस्तावलो. मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) धारवाडजवळच्या मन्सूरचे. मातृभाषा कन्नड, आधीचे गुरू मिरजेचे नीळकंठबुवा, नंतरचे गुरू अल्लादिया खाँसाहेबांचे पुत्र. मग ते 'आपले' की 'त्यांचे'? १९५६ पासून आमच्या भागात हा प्रश्न माणसांविषयी पुरेसा विचारला जातो. निदान गवयांना त्यातून सोडावे, म्हणून तो प्रश्न आम्ही काढून टाकला.

खरी कसोटी रागाची. भूप व देशकार हे दोन राग घ्या. दोहोंत सा, रे, ग, प, ध हे पाचच शुद्ध स्वर. मध्यम व निषाद दोहोंत वर्ज्य. पेटीवर पट्ट्या दाबून पाहिल्या तर फरक सापडणार नाही. परंतु भूपाचा जीव गंधारात, देशकाराचा धैवतात. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, देशकार सकाळी. भूप खाली येऊन गंधारावर विसावतो. देशकार वरच्या अंगाने, धैवत व तार षड्जाभोवती वावरतो.

हे सारे आम्ही वर्गात शिकवितो. तरीही एका शनिवारी आम्ही आलापीचा एक तुकडा लावला आणि आमच्या उत्तराच्या कागदावर 'भूप' असे लिहून ठेवले. पाच स्वर ऐकले, आणि बाकीचे ऐकण्याचे कष्ट घेतले नाहीत. सर्वांनी भूप लिहिले. निपाणीहून नव्याने आलेला, सातवीतील एक मुलगा तेवढा गप्प होता. त्याचे वडील तंबाखूच्या वखारीत कामाला. पेटी त्याने शिकलेली नव्हती. आजोबांबरोबर पहाटेच्या भजनाला मात्र बसलेला होता. वहीत त्याने काहीच लिहिले नव्हते. विचारल्यावर म्हणाला, "सर, मागच्या वेळचा भूप खाली येऊन बसत होता. हे वरच थांबतंय की."

मुले हसली. रागाचे नाव आले नाही म्हणून आम्ही त्यास शून्य गुण दिला.

घरी गेल्यावर तो तुकडा पुन्हा ऐकला. तीन वेळा ऐकला. स्वर वरच थांबत होता. मुद्रणावरची माहिती काढून पाहिली : देशकार. सोमवारी प्रार्थनेनंतर वर्गापुढे आम्ही आमचा कागद फाडला, त्या मुलास गुण दिला आणि इतर सर्वांचे, आमच्यासकट, काढून घेतले. तेव्हापासून नियम पालटला आहे. नुसत्या नावास अर्धा गुण. 'का म्हणून' हे सांगेल त्यास पूर्ण. नाव ठाऊक नसून कारण बरोबर असेल, तरी अर्धा गुण मिळतो. पालकांपैकी काहींना हा नियम अद्याप आवडलेला नाही.

पुढल्या वेळी प्रश्न घालण्याची पाळी त्याच मुलाकडे दिली. मारवा, पूरिया व सोहनी ही त्रयी आम्हीच त्यास समजावून दिली होती : तिन्हींत पंचम नाही, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, पूरिया मंद्र सप्तकात रमतो, सोहनी तार षड्जाकडे झेपावते आणि मारव्यात षड्ज जणू चुकवीत कोमल ऋषभ व धैवत यांवर भर देतात. त्याने तिन्हींचे तुकडे निवडून आणले, क्रम मात्र सांगितला नाही. पहिला आम्ही बरोबर ओळखला. दुसऱ्याला पाचव्या सेकंदास "पूरिया!" म्हणून मोकळे झालो.

त्याने वहीत आमच्या नावापुढे पेन्सिल टेकविली आणि विचारले, "का म्हणून, ते सांगा की सर!"