जनावरांचा रातांधळेपणा आणि जीवनसत्त्व ‘अ’ ची इंजेक्शने

उन्हाळ्याच्या अखेरीस, आणि दुष्काळी वर्षी तर त्याहूनही लवकर, गावोगाव एक तक्रार ऐकू येते. दिवसा नीट चालणारे वासरू सांजवेळी दावणीला धडकते, अंगणातील बाजेला अडखळते, गोठ्याचे दार सापडत नाही म्हणून भिंतीशी उभे राहते. पुष्कळदा याकडे नजर लागली म्हणून पाहिले जाते, किंवा डोळ्यांत काहीतरी औषध घातले जाते. वस्तुतः हा विकार डोळ्याचा नसून आहाराचा आहे. तो वेळीच ओळखला तर पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर जनावर कायमचे आंधळे होते. म्हणून ग्रामपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला त्याची माहिती असणे अगत्याचे आहे.

जीवनसत्त्व ‘अ’ कोठून मिळते

हिरव्या वनस्पतींत कॅरोटीन नावाचे पिवळे द्रव्य असते. जनावराच्या आतड्यात त्याचे जीवनसत्त्व ‘अ’ मध्ये रूपांतर होते आणि त्याचा साठा यकृतात होतो. गाईमध्ये काही कॅरोटीन तसेच दुधात उतरते, म्हणून गाईचे दूध पिवळसर दिसते. म्हैस जवळजवळ सर्व कॅरोटीनचे रूपांतर करते, म्हणून तिचे दूध पांढरे असते. पांढरे म्हणून ते या जीवनसत्त्वात कमी, असा अर्थ कोणी काढू नये.

चारा उन्हात वाळला आणि महिनोन्‌महिने गंजीत राहिला की त्यातील कॅरोटीन नष्ट होत जाते. पिवळा पडलेला कडबा, गव्हाचे भुसकट व भाताचा पेंढा यांत ते नाममात्रच उरते. सरकी व पेंड यांनी अंगी ताकद येते, दूध वाढते. परंतु ही उणीव त्यांनी भरून निघत नाही. ‘पेंड भरपूर घालतो, तरी वासरू आंधळे का झाले?’ या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

पावसाळ्यात हिरव्या चाऱ्यावर पोसलेल्या मोठ्या जनावराच्या यकृतातील साठा सामान्यतः दोन ते चार महिने पुरतो. १९७२ च्या दुष्काळासारख्या वर्षी पावसाळ्यातही हिरवे गवत मिळत नाही. अशा वेळी साठा मुळात होतच नाही आणि विकार लवकर दिसू लागतो.

एक बोधप्रद प्रयोग

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९०७ ते १९११ या काळात सोळा कालवडींचे चार गट करून त्यांना वेगवेगळ्या धान्यांच्या झाडांपासून तयार केलेला आहार देण्यात आला. रासायनिक पृथक्करणाप्रमाणे सर्व आहारांचा कस सारखा होता. तरीही मक्यावरील कालवडी सुदृढ राहिल्या व त्यांना सशक्त वासरे झाली. गव्हावरील कालवडी मात्र खंगल्या, आणि त्यांची वासरे वेळेआधी जन्मून दगावली. या फरकामागे जीवनसत्त्व ‘अ’ चा मोठा वाटा होता हे पुढे उमगले. त्याच विद्यापीठात १९१३ साली मॅककोलम व डेव्हिस या संशोधकांनी लोण्यातील या घटकाचा शोध लावला. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा त्या प्रयोगाचा धडा आजही आपल्या गोठ्यास लागू पडतो.

लक्षणे

पहिले लक्षण रातांधळेपणा हेच होय. मंद प्रकाशात दिसण्यासाठी डोळ्याच्या आतील पडद्यावर जे रंगद्रव्य लागते, ते या जीवनसत्त्वावाचून तयार होत नाही. परीक्षा सोपी आहे. सायंकाळी अंधुक उजेडात वाटेवर दोन-तीन पेंढ्या आडव्या ठेवून जनावर सावकाश हाकावे. आजारी जनावर पेंढ्यांना अडखळते.

याशिवाय डोळ्यांतून पाणी गळणे, अंगावरील केस राठ होणे, वाढ खुंटणे, वरचेवर हगवण व खोकला ही लक्षणे आढळतात. गाभण जनावर गाभडते, त्याची वार अडकते किंवा वासरू अशक्त वा आंधळे जन्मते. वळूची प्रजननशक्ती घटते.

वाढत्या वासरांतील धोका सर्वांत गंभीर आहे. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस कवटीच्या हाडातील ज्या छिद्रातून जाते, ते छिद्र अरुंद होऊन नस दाबली जाते. मग वासराला दिवसाही दिसत नाही. बाहुली मोठी होते व विजेरीचा उजेड टाकला तरी आकसत नाही. काही वासरांना झटके येतात. झटके उपचाराने बहुधा दोन दिवसांत थांबतात, रातांधळेपणाही काही दिवसांत जातो. परंतु दाबली गेलेली नस पूर्ववत होत नाही. सारा भर लवकर उपचारावर देण्याचे कारण हे आहे.

इंजेक्शन का व किती

हगवण लागलेल्या वासराचे आतडे कॅरोटीन नीट पचवू शकत नाही. त्याला तोंडावाटे औषध देऊन वाट पाहण्यास वेळ नसतो. स्नायूत टोचलेले जीवनसत्त्व आतड्यावर अवलंबून राहत नाही, म्हणून त्याचा गुण लवकर येतो. तेलातील औषधापेक्षा पाण्यात मिसळणारे औषध अधिक सोयीचे ठरते.

जनावराची रोजची किमान गरज दर किलो वजनास ४० आंतरराष्ट्रीय एकके एवढी धरतात. उपचारासाठी तिच्या दहा ते वीस पट, सर्वसाधारणपणे किलोमागे ४४० एकके, देतात. म्हणजे ६० किलोच्या वासरास सुमारे २६ हजार व ३०० किलोच्या गाईस सुमारे १ लाख ३२ हजार एकके होतात. हा हिशेब समजून घेण्यासाठी आहे. औषध व मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी. हे जीवनसत्त्व शरीरात साठते, त्यामुळे वारंवार अधिक मात्रा दिल्यास अपाय होतो. शिवाय शिशाची विषबाधा व मेंदूचे काही विकार यांतही आंधळेपणा व झटके दिसतात. त्यांचा उपचार वेगळा आहे.

‘शक्तीचे इंजेक्शन’ म्हणून कोणाकडूनही काहीही टोचून घेण्याची प्रथा घातक आहे. रवंथ करणाऱ्या निरोगी जनावराच्या पोटातील सूक्ष्म जंतू ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे स्वतः तयार करतात, ‘क’ जीवनसत्त्व त्याच्या यकृतात तयार होते आणि ‘ड’ सूर्यप्रकाशाने मिळते. गरज नसता खर्च केलेला पैसा हिरव्या वैरणीवर लावणे हिताचे. एकच सुई अनेक जनावरांना वापरल्यास रक्तातील रोग पसरतात, गळवे होतात. प्रत्येक जनावरास नवी निर्जंतुक सुई वापरली जाते की नाही, हे मालकाने जातीने पाहावे.

चीक वासराचा, खरवस नंतर

वासरू जन्मते तेव्हा त्याच्या यकृतात या जीवनसत्त्वाचा साठा अत्यल्प असतो. तो त्याला आईच्या चिकातून मिळतो. घरोघर खरवस वाटण्याची हौस असते, परंतु पहिल्या दिवशी वासराच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक त्याच्या पोटात जाईपर्यंत खरवसासाठी थेंबही काढू नये. पहिला चीक जन्मानंतर एक-दोन तासांतच पाजावा. रेडकांच्या बाबतीत हयगय होते, तीही टाळावी. गाभण जनावरास शेवटचे दोन महिने हिरवी वैरण मिळाली नसेल तर चीकही निकस असतो.

कायमचा उपाय

इंजेक्शनाने काही आठवडे निभावतात. वर्ष निभावते ते हिरव्या वैरणीने. मोठ्या जनावरास रोज चार-पाच किलो खरोखर हिरवा चारा मिळाला तरी किमान गरज भागते; गाभण जनावरास याच्या दुप्पट द्यावा. त्यासाठी विहिरीच्या पाण्यावर दोन-तीन गुंठे लसूणघास किंवा संकरित नेपियर लावावे, बांधावर शेवरी लावावी आणि पावसाळ्यात हिरव्या मक्याचा मुरघास करून ठेवावा. मुरघासात कॅरोटीन उन्हात वाळवलेल्या चाऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक टिकते. कोवळी ज्वारी मात्र जनावरास घालू नये, तिच्यात विष असते.

ग्रामकार्यकर्त्यांनी करावयाची कामे

१. मार्चपासून, व दुष्काळी भागात त्याआधीच, आपल्या गावातील वासरांची सायंकाळी वर सांगितलेली परीक्षा घ्यावी.

२. अडखळणाऱ्या जनावराची खबर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास द्यावी. स्वतः सुई टोचू नये.

३. एका गोठ्यात एक जनावर आढळले तर त्याच वैरणीवरील बाकीची जनावरेही तपासून घ्यावीत.

४. चारा छावणीत केवळ वाळली वैरण येत असल्यास ती बाब वरिष्ठांच्या नजरेस आणावी.

वासराची दृष्टी वाचविण्यास मोठा खर्च लागत नाही. सांजवेळी गोठ्यात जाऊन पाहणारा जागरूक माणूस आणि गव्हाणीत मूठभर हिरवे, एवढे असले म्हणजे इंजेक्शनाची वेळ सहसा येत नाही.