उष्णतेचा जमाखर्च

सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या खोऱ्यात वसलेले रावेर केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. पौष महिन्यात एखाद्या निरभ्र रात्री येथे पारा 10 अंशांच्याही खाली उतरतो आणि केळीला थंडीचा चरका बसतो. पाने पिवळी पडतात, वाढ खुंटते, निसवण लांबते. आश्विनात लावलेल्या कांदेबागेतील रोपे तर तेव्हा जेमतेम गुडघ्याएवढी असतात. त्यांचे हाल अधिक.

ही थंडी कधी उत्तरेकडील वारे आणतात. पण वारा पडलेला असतानाही रात्र गारठते, याचे कारण जमिनीच्या जमाखर्चात आहे. दिवसा सूर्य जमिनीला उष्णता देतो. तिच्यातील काही भाग जमीन तत्काळ परत फेकते, काही हवा तापविण्यात व पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतो आणि उरलेला मातीत ठेव म्हणून राहतो. सूर्यास्तानंतर जमा थांबते, खर्च मात्र चालूच राहतो. जमीन अदृश्य किरणांच्या रूपाने आपली उष्णता आकाशाकडे सोडीत असते. ढग असले तर ते पुष्कळशी परत करतात. निरभ्र आकाश त्याहून कमी परत करते.

मग सर्वांत थंड जागा जमिनीलगतच असावयास हवी. शास्त्रज्ञही तसेच समजत. परंतु हवामान खात्यातील डॉ. एल. ए. रामदास यांनी पुण्यात निरनिराळ्या उंचींवर तापमान मोजले आणि 1932 साली एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. शांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीपेक्षा तिच्यावरील वीत-दोन वीत उंचीची हवा अधिक थंड असते! अनेकांना हे खरे वाटेना. मोजण्यातच चूक झाली असावी, असे ते म्हणत. राश्के नावाच्या शास्त्रज्ञाने पुण्यातच काळजीपूर्वक फेरमोजणी केली. तिचा 1957 सालचा निष्कर्ष रामदासांच्या बाजूचा निघाला. पुढे बंगळूरच्या रोद्दम नरसिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोड्याचे गणित मांडले. हवेतील सूक्ष्म कणांचाही त्यात हात असल्याचे अलीकडच्या प्रयोगांत दिसले. त्या थंड हवेला आज ‘रामदास थर’ म्हणतात.

अशा रात्री रावेरचे शेतकरी बागेच्या कडेने काडीकचरा पेटवून धूर करतात आणि केळीला पाणी देतात. त्यांतला पाण्याचा उपाय अधिक भरवशाचा. विहिरीचे पाणी हिवाळी हवेहून उबदार असते, शिवाय ओली माती खालची ठेव कोरड्या मातीपेक्षा सहज वर पोहोचविते. सायंकाळी आभाळात ढगाचा ठिपका दिसेना आणि बांधावरच्या शेवरीचे पान हलेना, की विहिरीवरचा पंप रात्री चालू होतो.