मैला गाडीत भरला, पुढे काय?

नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात नोकरी करून निवृत्त झालो. आमच्या गावात भुयारी गटार नाही, घरोघर सेप्टिक टाक्या आहेत. राज्यातल्या बहुतेक छोट्या शहरांत हेच आहे. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी पाच गोष्टी लिहून ठेवतो.

१. फोनची वाट बघू नका. टाकीत गाळ साठत जातो तशी पाण्याला निवळायला जागा उरत नाही आणि घाण पाणी तसंच गटारात जातं. घरमालकाला ते संडास तुंबेपर्यंत कळत नाही. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. प्रत्यक्षात कित्येक घरांत झाकणच सापडत नाही. एका घरी झाकणावर नवी फरशी होती. आजीबाई म्हणाल्या, "नातवाच्या लग्नात बसवलीय, फोडू देणार नाही." त्यांची समजूत काढण्यात अख्खी सकाळ गेली.

वाई आणि सिन्नर नगरपरिषदांनी २०१८ पासून वेळापत्रक लावून उपसा सुरू केला. ठेकेदाराची गाडी भागाभागाने फिरते, तीन वर्षांत प्रत्येक टाकीचा नंबर लागतो. गाडी दारात आली की वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत, खर्च करातून भागतो. मला यातलं हेच सगळ्यात पटतं: उपशाचे पैसे नाहीत म्हणून कुणाची टाकी तुंबून राहत नाही.

२. गाडी रिकामी कुठे होते ते बघा. मैल्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प गावाबाहेर, डिझेल महाग आणि ओढा वाटेतच. घरमालक, चालक आणि प्रकल्पावरचा माणूस अशा तिघांच्या सह्या जुळल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढू नये. त्यावर कितीही कुरकुर झाली तरी हे सोडायचं नाही.

३. टाकीत माणूस उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं गुन्हा आहे. आतल्या वायूचा वास आधी कुजक्या अंड्यासारखा येतो. प्रमाण वाढलं की वासच येईनासा होतो आणि माणसाला वाटतं, वायू गेला.

४. वाळलेला गाळ म्हणजे खत नव्हे. गाळात बहुतांश पाणीच असतं. वाळूच्या वाफ्यावर पसरला की पाणी खाली झिरपतं, वरच्या थराला भेगा पडतात आणि मग तो फावड्याने निघतो. पावसाळ्यात वर छप्पर नसेल तर सगळी मेहनत पाण्यात. शेतकरी ट्रॉली घेऊन येतात, पण त्या कोरड्या ढेकळांत जंतांची अंडी महिनोन्महिने जिवंत राहतात. ओल्या कचऱ्यात मिसळून ढीग ५५ अंशांच्या वर काही दिवस तापला पाहिजे. तापमानाची नोंदवही बघितल्याशिवाय भाजीच्या रानात एक पाटीही जाऊ देऊ नका.

५. प्रकल्प बांधायला अनुदान मिळतं. वीजबिल, चालकांचा पगार आणि पंपाची दुरुस्ती मात्र नगरपरिषदेच्या तिजोरीतून करावी लागते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने स्वच्छता हा विषय बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या कामांच्या यादीत आला. पैशाची सोय त्या मानाने झाली नाही. म्हणून अंदाजपत्रकात या कामाचं वेगळं हेड हवं. अलीकडे बऱ्याच नगरपरिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासक होता, तेव्हा सभेत विचारायला नगरसेवकच नव्हते. आता आहेत. प्रत्येकाने आपल्या प्रभागाचे तीन कागद मागावेत: टाक्यांची यादी, प्रकल्पावर पोचलेल्या फेऱ्यांची नोंद आणि गेल्या महिन्याचं बिल.